मे महिन्यात अंडी पातळ कवचाची येताहेत, कॅल्शियम देऊनही फरक नाही (जुळे सोलापूर)

अंगणवाली

नमस्कार. घरामागच्या अंगणात पाच कोंबड्या आहेत, तीन कावेरी जातीच्या आणि दोन गावरान, वय साधारण चौदा महिने. सोबत एक कोंबडा. खुराडं ६ बाय ४ फूट, उंची ५ फूट. तीन बाजूंना विटांची भिंत, पुढे जाळी, वर साधा पत्रा. दिवसभर अंगणात मोकळ्या असतात, रात्री आत. मार्चपर्यंत रोज तीन-चार अंडी मिळायची. आता एक किंवा दोन, आणि त्यातलं एखादं उचलतानाच फुटतं. गेल्या आठवड्यात दोन अंडी तर बिनकवचाची, नुसत्या पातळ कातडीत. दुपारी बारा ते चार सगळ्या चोच उघडून धापा टाकतात, पंख अंगापासून लांब सोडतात.

खायला सकाळी ज्वारी, दुपारी उरलेली भाकरी आणि भात, संध्याकाळी परत ज्वारी. पाणी प्लास्टिकच्या एका घमेल्यात, सकाळी भरून ठेवते. दुकानातून आणलेलं कॅल्शियमचं औषध दहा दिवस पाण्यातून दिलं, फरक नाही. हा उन्हाचा त्रास आहे, खाण्याचा आहे की आजार? सुरुवात कुठून करू?

---

पत्रा आणि चुना

ताई, सुरुवात पत्र्यापासून करा. कॅल्शियम नंतर.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं आणि आपल्या सोलापुरात मे महिन्यात बाहेरची हवाही तिथवर जाते. मग अंगातली उष्णता बाहेर टाकायला धापा टाकणं एवढाच मार्ग उरतो. धापा टाकताना श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, आणि तो तर कवचासाठी लागतो. कवच म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, त्यातला कार्बोनेट रक्तातून येतो. रक्तातला तो साठा कमी झाला की पोटात कॅल्शियम असूनही कवच पातळ बनतं. त्यात रक्ताचा आम्ल-अल्क तोल बिघडला की मोकळं कॅल्शियमही घटतं. तुमच्या औषधाने फरक पडला नाही त्याचं अर्धं कारण हे. बाकीचं अर्धं खाद्यात आहे, ते इथले जाणकार सांगतीलच.

पत्र्यावर आजच पांढरा चुना मारा. चुना आदल्या रात्री भिजवून गाळून घ्या, ताकाइतका पातळ ठेवा, पकड येण्यासाठी त्यात थोडं फेव्हिकॉल घाला. दोन हात मारा, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. मग पत्र्याच्या वर एक ते दीड फूट अंतर सोडून ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट ताणून बांधा. हे अंतर महत्त्वाचं आहे. नेट पत्र्याला टेकली की मधून वारा वाहत नाही आणि निम्मा फायदा जातो. नेट मिळेपर्यंत पत्र्यावर उसाचं पाचट किंवा कडबा सहा इंच जाडीचा पसरून तारेने बांधला तरी चालतो. फक्त वरून विजेची वायर गेलेली नसावी, वाळलेला कडबा ठिणगीला क्षणात पेट घेतो.

पाच फूट उंची कमी आहे. पत्र्याची झळ थेट दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या पाठीला लागते. पुढच्या हंगामाआधी मध्यभागी सात फूट करा. तोवर तीन भिंतींपैकी पूर्व-पश्चिमेच्या सोडून उरलेल्या भिंतीचा वरचा दीड फूट काढून तिथे अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा. गरम हवा वर जाते, तिला बाहेर पडायला वाट हवी. साधी षट्कोनी कोंबडीजाळी इथे नको. मुंगूस आणि मांजर ती ओढून फाडतात.

बारदान ओलं करून जाळीला लावायची पद्धत आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उत्तम चालते, कारण हवा कोरडी असते आणि पाणी भराभर उडतं. बारदानाची खालची कड पाण्याच्या बादलीत सोडली तर तासभर ओल टिकते. मात्र वळवाचा पाऊस पडून गेला आणि हवा दमट झाली की बारदान काढून टाका. दमट हवेत धापा टाकूनही अंग गार होत नाही, आणि ओलं बारदान ती दमटी वाढवून वारा अडवतं. तेव्हा नुसता पंखा लावा. बंद खोलीत कूलर लावला तर तीच गत होते.

पाण्याचं घमेलं सकाळी भरून ठेवणं ही तुमची सगळ्यात मोठी चूक. अकरापर्यंत ते पाणी तापतं आणि कोंबडी गरम पाणी पीत नाही, तहान लागली तरी. एका कोंबडीला एरवी पाव लिटर लागतं, या दिवसांत अर्धा लिटर. म्हणजे कोंबड्यासकट सहा जिवांना तीन लिटर, सांडलवंड धरून पाच. मातीची पसरट भांडी तीन ठेवा, तिन्ही सावलीत आणि वेगवेगळ्या जागी. एकच भांडं असलं तर दांडगी कोंबडी दुबळीला पिऊ देत नाही. बारा वाजता आणि तीन वाजता पाणी बदला. ते छतावरच्या टाकीतलं नको, त्या वेळी नळाला येणारं पाणी चहासारखं असतं. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं म्हणून कोंबड्यांसाठी एक माठ वेगळा भरून झाकून ठेवा.

---

शाळू

वरच्या उत्तरातला शब्दन् शब्द बरोबर. आता खाद्याचं.

ज्वारीवर आपला जिल्हा जगतो, पण नुसत्या ज्वारीवर अंड्यावरची कोंबडी जगत नाही. ज्वारीत प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास, तिला हवीत सोळा-सतरा. कॅल्शियम शंभर ग्रॅम ज्वारीत २५ ते ३० मिलिग्रॅम. एका अंड्याच्या कवचात असतं सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम, आणि खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही म्हणून पोटात रोज चारेक ग्रॅम जायला हवं. भाकरी-भातानेही हे गणित जमत नाही. मग कोंबडी स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून कवच करते, ते संपत आलं की अंडी बिनकवचाची येतात आणि पुढे पाय लुळे पडतात. तुमची कोंबडी लंगडते का, उतरताना पाय फाकवते का, बघा.

लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं, तयार खाद्य मिळत असेल तर तेच आणा, घरच्या मिश्रणापेक्षा त्याचा तोल नेमका असतो. फक्त ब्रॉयलरचं आणू नका. त्यात प्रथिनं भरपूर, पण कॅल्शियम अंड्यावरच्या कोंबडीला पुरत नाही. घरीच करायचं असेल तर दहा किलोला असं:

भरडलेली ज्वारी किंवा मका (अर्धं-अर्धं चांगलं) ५ किलो
सोयापेंड १ किलो ८०० ग्रॅम
गव्हाचा कोंडा १ किलो ८०० ग्रॅम
शेंगदाणा पेंड ४०० ग्रॅम
शिंपल्याचा चुरा ८०० ग्रॅम
कोंबड्यांसाठीचं खनिज मिश्रण १७० ग्रॅम
मीठ ३० ग्रॅम

प्रथिनं सतरा टक्क्यांच्या जवळ जातात. भरड रव्यासारखी दाणेदार हवी. पिठी झाली की चोचीला चिकटते आणि कोंबड्या खायचं टाळतात. खनिज मिश्रण आणि मीठ आधी किलोभर कोंड्यात नीट मिसळून मग बाकीच्यात घाला, नाहीतर एका वाटीत सगळं मीठ जातं. शेंगदाणा पेंड वासाला कुबट असेल किंवा पावसाळ्यात ओल लागलेली असेल तर अजिबात नको. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, यकृतावर जातं. तेव्हा तिच्या जागी सोयापेंड वाढवा. एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त दळून ठेवू नका.

एका कोंबडीला दिवसाला ११० ग्रॅम. या उन्हात ती ७०-८० ग्रॅमच खाते, म्हणून चांगल्या खाद्यातूनही कॅल्शियम कमी पडतं. त्यासाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा, जिला हवा ती उचलते. चुरा तांदळाच्या कणीएवढा असावा, पावडर नको. कवच बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री होतं. जाड चुरा पथरीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या भागात, रात्रभर हळूहळू विरघळतो, पावडर तासा-दोन तासांत पुढे जाते. पाण्यातलं औषधही तसंच निघून जातं. वाटी संध्याकाळी भरलेली असलीच पाहिजे. अंड्यांची टरफलं तव्यावर कोरडी भाजून, ओळखू न येण्याइतकी चुरून घातली तरी चालतात. अर्धी टरफलं तशीच टाकलीत तर कोंबड्या अंडी फोडून खायला शिकतात.

मुरमाचे बारीक खडे ही वेगळी गोष्ट. ते पथरीत दाणे दळायला लागतात, त्यातून कॅल्शियम मिळत नाही. दोन्ही हवं.

खाद्याची वेळ पहाटे साडेपाच ते नऊ, मग संध्याकाळी साडेपाचनंतर. मधे काही नाही. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी टिपेला जाते. दुपारची भाकरी म्हणजे भर उन्हात पोटात शेगडी. दुपारी द्यायचंच तर कलिंगडाची साल, काकडी, तेही मूठभर. संध्याकाळी झोपण्याआधी एका कोंबडीमागे दोन चमचे अख्खी ज्वारी जमिनीवर फेका, उकरून खातात.

उरलेल्या भाजी-आमटीतल्या तिखटाचं त्यांना काही वाटत नाही, पक्ष्यांना मिरचीची आग जाणवत नाही. मीठ मात्र घात करतं. शेंगाचटणी लागलेली भाकरी, पापड, लोणचं बंद.

---

होटगी रोड

खायचा चुना हरभऱ्याएवढा पाण्यात घालून देतात, आमच्या भागात बरेच जण करतात. आणि कोंबडी उन्हाने पडली तर फ्रीजच्या पाण्यात बुचकळून काढायची, लगेच उठते.

---

पांजरपोळ

दादा, दोन्हींत धोका आहे.

खायचा चुना दाहक असतो. प्रमाण जरा चुकलं की तोंड आणि अन्ननलिका भाजते, आणि धापा टाकणाऱ्या कोंबडीचं रक्त आधीच अल्कधर्मी झालेलं असतं. शिंपला हाच सुरक्षित मार्ग.

उन्हाने पडलेल्या कोंबडीला बर्फाच्या पाण्यात घातलं तर कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आतली उष्णता आतच अडकते आणि धक्क्याने ती दगावू शकते. आधी सावलीत, वाऱ्याला आणा. माठातल्या साध्या पाण्याच्या बादलीत पाय आणि पोटाखालचा भाग बुडवा, मान-डोकं बाहेर. पंखाखालची पिसं हाताने उचलून तिथवर पाणी पोचू द्या, कारण वरच्या पिसांवरून ते नुसतं ओघळून जातं. तुऱ्यावर ओलं फडकं ठेवा. चार-पाच मिनिटं पुरे. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. मान धरायला लागली की चोचीचं टोक पाण्याला लावा, स्वतः पिईल. तुरा फिका किंवा निळसर पडून कोंबडी आडवी झाली असेल तर हातात वेळ फार थोडा असतो.

माणसांचं ओआरएसचं पाकीट एक लिटरला एक, हे फक्त दुपारी बारा ते चार एका भांड्यात, बाजूला साधं पाणी असायलाच हवं. उरलेलं संध्याकाळी ओतून द्या, रात्रभरात आंबतं. खाण्याचा सोडा लिटरला एक ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा चौथा भाग, सकाळच्या पाण्यात चार-पाच दिवस दिला तर कवचाला मदत होते. ओआरएस आणि सोडा एकाच दिवशी देऊ नका, सोडियम जास्त होतं. लिंबू पिळायचं असेल तर मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात. जस्ताच्या बादलीत आंबट पाण्यात जस्त उतरतं.

ताई, ऊन की आजार ते असं ओळखा. उन्हाची धाप दुपारी, सगळ्यांना एकदम, आवाजाशिवाय, आणि सूर्य कलला की थांबते. पहाटे गारव्यातही चोच उघडी, श्वासाला घरघर, हिरवट पातळ विष्ठा किंवा मान वाकडी असं दिसलं तर ते ऊन नाही. मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय धरा, ती कोंबडी वेगळी करा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. कवचावर सुरकुत्या किंवा खडबडीत वळ असतील तर तेही दाखवा, श्वासाच्या एका संसर्गात तसं होतं.

आणखी एक. कोंबडा सोबत आहे म्हणजे तुमची अंडी फळलेली आहेत. २७ अंशांच्या वर अशा अंड्यात गर्भ हळूहळू वाढू लागतो, आणि आपल्या स्वयंपाकघरात सध्या त्याहून कितीतरी जास्त असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोडलं की बलकावर रक्ताचं कडं दिसतं ते यामुळेच. सकाळी दहाला आणि दुपारी दोनला अंडी गोळा करून थेट फ्रीजमध्ये ठेवा, न धुता. कवचावरचा नैसर्गिक लेप धुतल्यावर जातो, म्हणून घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. पिल्लं नको असतील तर उन्हाळाभर कोंबडा वेगळा ठेवला तरी चालतं. कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी देतेच. तो वेगळा केल्यावर जुनी फळलेली अंडी मात्र दोन-तीन आठवडे येत राहतात.

---

विटांची भिंत

विटांच्या तीन भिंती म्हणालात, प्लॅस्टर आहे का? नसेल तर रात्री दहा-अकराच्या सुमारास बॅटरी घेऊन दांडीची टोकं, भिंतीच्या फटी आणि कोंबडीच्या पंखाखालची कातडी बघा. चपटी, राखाडी-तपकिरी, करवंदाच्या बीसारखी दिसणारी गोचीड असते. दिवसा फटीत लपते, रात्री अर्धा तास रक्त पिऊन परत जाते. दिवसा कोंबडी तपासली तर काहीच सापडत नाही आणि माणूस फसतो. कोंबड्या संध्याकाळी आत जायला कुरकुरत असतील, तुरे फिके असतील तर हीच शक्यता धरा. अंडी कमी होण्याचं हे कारण उन्हाच्या नावाखाली हमखास झाकलं जातं.

---

अंगणवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. चुना मारला, तीन मातीची भांडी ठेवली, दुपारचं खाणं बंद केलं, शिंपल्याची वाटी ठेवली. धाप बरीच कमी आहे.

भिंतीला प्लॅस्टर नाही. रात्री बघितलं तर दांडी जिथे भिंतीत घुसवली आहे तिथल्या फटीत दहा-बारा गोचिडी होत्या, आणि दोन कोंबड्यांच्या पंखाखाली लहान निळसर ठिपके. लस एकदाही दिलेली नाही. एक गावरान चार दिवसांपासून खुडूक आहे, पेटीतून उठत नाही. तिच्याखाली अंडी ठेवू का?

---

विटांची भिंत

ते निळसर ठिपके म्हणजे गोचिडीची पिल्लं चिकटलेली किंवा नुकती चिकटून गेल्याच्या खुणा. पिल्लं बरेच दिवस अंगावरच राहतात, मोठ्या मात्र भिंतीत. म्हणून दोन्हीकडे एकाच दिवशी काम करावं लागतं.

कोंबड्या तीन-चार दिवस दुसरीकडे झोपवा. डालग्याखाली किंवा पडवीत, पण मांजर-कुत्र्यापासून बंदोबस्त करून. खुराड्यात खाली अंथरलेला जुना भुसा-पेंढा पूर्ण काढून जाळा. पत्र्यावर कडबा असेल तर आधी उतरवा, मग फटींवरून गॅसची ज्योत सावकाश फिरवा, प्रत्येक फटीवर काही सेकंद. त्यानंतर सिमेंटने फटी बुजवा आणि आतून चुना मारा. नुसता चुना मारला तर फटीच्या आत त्या जिवंत राहतात, आणि मोठी गोचीड खाण्यावाचून महिनोन्‌महिने काढते. खुराडं दोन महिने रिकामं ठेवून ती मरत नाही.

दांडी भिंतीत घुसवू नका. चार पायांचा सुटा घोडा करा, दोन इंच रुंद गोल कडेची दांडी, एका कोंबडीला नऊ-दहा इंच जागा, भिंतीपासून एक फूट लांब. घोड्याचे पाय जुन्या तेलाच्या वाट्यांत ठेवा, गोचीड चढू शकत नाही. अंगावरच्या पिल्लांसाठी औषध पशुवैद्याकडूनच घ्या आणि किती दिवस अंडी खायची नाहीत ते विचारून घ्या. गायी-म्हशींचं गोचिडीचं औषध अंदाजाने पातळ करून मारण्यात कोंबड्या मेल्याची उदाहरणं कमी नाहीत. अंगणात दोन बाय दोन फुटांचा, फूटभर खोल खड्डा करून त्यात कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख निम्मी-निम्मी भरा. त्यात लोळून त्या उवा झाडतात, गोचिडीवर मात्र तो उपाय नाही.

---

पांजरपोळ

गोचीड सापडली हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. तिच्यापासून एक ताप येतो, त्यात हिरवी विष्ठा आणि पाय लुळे पडणं ही लक्षणं मानमोडीसारखीच दिसतात, पण उपचार वेगळा.

लशीबद्दल. पिल्लांना मानमोडीची लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, गंबोरो रोगाची चौदाव्या दिवसाच्या आसपास, लासोटा परत चौथ्या आठवड्यात, देवीची सहा-सात आठवड्यांनी आणि आर-टू-बी, ही मानमोडीचीच जास्त जोरकस लस, आठ ते दहा आठवड्यांनी टोचून. तुमच्या कोंबड्या चौदा महिन्यांच्या, अंड्यावर आणि आधी एकही लस नसलेल्या. अशांना थेट आर-टू-बी टोचली तर ती जोरात लागते आणि अंडी बंद पडतात. डॉक्टर बहुधा आधी लासोटाचा थेंब सुचवतील. कोंबड्या अंड्यावर आहेत आणि आधी लस नाही, या दोन्ही गोष्टी त्यांना स्पष्ट सांगा, आणि गोचीड आटोक्यात येऊन धाप थांबल्यावरच लस द्या, पहाटे किंवा संध्याकाळी. अशक्त कोंबडीत लस नीट धरत नाही.

कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि एकदा विरघळवली की तास-दीड तासात संपवावी लागते. आसपासच्या कोंबड्यावाल्यांना गोळा करून एकाच सकाळी उरका. दवाखान्यातून आणताना थर्मासमध्ये बर्फ घालून आणा. पाण्यातून द्यायची वेळ आली तर नळाचं पाणी चालत नाही, क्लोरीनने लस मरते. क्लोरीन नसलेलं पाणी घ्या आणि लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर आधी मिसळा.

---

शाळू

खुडूक कोंबडीखाली आत्ता अंडी नको, ताई. अंड्याला ३७.५ अंशांच्या आसपास उबदारपणा लागतो आणि सध्या दुपारी सावलीतली हवाच त्याच्या वर जाते. गर्भ आतल्या आत मरतो, कोंबडी एकवीस दिवस जेमतेम खाऊन-पिऊन सुकते. भर उन्हात बसलेली खुडूक तहानेनेही मरते, कारण ती पाण्यासाठी फार कमी वेळा उठते.

तिला पेटीतून काढा. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवून पिंजरा चार विटांवर फूटभर उचला, सावलीत, आत दाणा-पाणी ठेवून. खाली पेंढा किंवा बारदान घालायचं नाही. पोटाखालून वारा लागला की तीन-चार दिवसांत खुडूकपणा उतरतो. सोडल्यावर परत पेटीत जाऊन बसली तर आणखी दोन दिवस. अंडी परत सुरू व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

पिल्लं हवी असतील तर गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास खुडूक होणारी कोंबडी बसवा. जानेवारीच्या मध्याला बसवलेली अंडी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फुटतात आणि खरं ऊन लागेपर्यंत पिल्लांना पिसं आलेली असतात. गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडी, आठवड्याच्या आतली, फ्रीजमध्ये न ठेवलेली, मध्यम आकाराची. सातव्या रात्री अंधारात बॅटरीवर धरून बघा, लाल शिरांचं जाळं दिसत नसेल ती काढून टाका.